लिहिणाऱ्यानं वर बघायचं नाही

बाई कधी ‘विमान आलं’ असं म्हणत नसत. त्या म्हणत, ‘‘त्र्याण्णव, अकरा.’’ म्हणजे पूर्वेच्या किंचित दक्षिणेला, क्षितिजापासून अकरा अंश वर. मी ते वहीत लिहायचे. पंधरा सेकंद झाले की हातातल्या घड्याळाकडे बघून मी ‘‘वेळ’’ म्हणायचे आणि त्या पुढचे दोन आकडे सांगायच्या. विमान आमच्या गच्चीवरून जाऊन विमानतळावर उतरेपर्यंत असे दहा-पंधरा आकडे व्हायचे. मग बाई दुर्बिणीपासून डोळा काढायच्या, चष्मा लावायच्या आणि विचारायच्या, ‘‘चहा टाकू?’’

बाईंना जाऊन आता आठ महिने झाले. त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या आहेत. एकूण एक्केचाळीस. त्यातल्या शेवटच्या तेवीस माझ्या अक्षरात आहेत.

त्या माझ्या घरमालकीण होत्या. माझे यजमान गेल्यावर सदाशिव पेठेतलं बिऱ्हाड मला एकटीला मोठं वाटू लागलं, म्हणून मी खराडीला त्यांच्या गच्चीलगतची खोली घेतली. तेव्हा खराडीत काचेच्या इमारती नव्हत्या. ज्वारीची शेतं होती, बाभळी होत्या, आणि दक्षिणेला नदी. मी रोज दोन बस बदलून एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कामाला जायचे. इतक्या लांब राहायला का आलात, असं सगळ्यांनी मला विचारलं. बाईंनी विचारलं नाही. मी राहायला गेले त्या दिवशी लोक विचारतात तसं त्यांनी माझ्या दुःखाबद्दलही काही विचारलं नाही. माझं सामान लागेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘‘तुम्हाला घड्याळ बघून वेळ सांगता येते?’’

मी म्हटलं, ‘‘येते.’’

‘‘न चुकता?’’

‘‘प्रयत्न करीन.’’

‘‘प्रयत्न सगळेच करतात. उद्या पाच वाजता गच्चीवर या.’’

बाई वेधशाळेत नोकरीला होत्या. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. हायड्रोजन भरलेला मोठा फुगा आकाशात सोडायचा आणि तो दिसेनासा होईपर्यंत थिओडोलाइटमधून त्याच्यावर नजर ठेवायची. थिओडोलाइट म्हणजे तिपाईवर बसवलेली, कोन मोजणारी दुर्बीण. दर मिनिटाला घंटा वाजायची, बाई कोन सांगायच्या, शेजारचा लेखनिक लिहून घ्यायचा, आणि त्या आकड्यांवरून वरचं वारं किती वेगानं कुठे वाहतंय ते निघायचं. या कामाचा एक नियम होता. बाईंनी तो पहिल्याच संध्याकाळी मला सांगितला. ‘‘बघणाऱ्यानं लिहायचं नाही. लिहिणाऱ्यानं वर बघायचं नाही.’’

‘‘वर का बघायचं नाही?’’

‘‘वर बघितलंत की तुम्हाला वाटायला लागतं. बारा पाहिजेत, तेरा कसे आले, असं. मग तुम्ही माझे आकडे सुधारायला लागता. मला सुधारणारा माणूस नकोय, लिहिणारा हवाय.’’

निवृत्त होताना कचेरीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी विचारलं, त्याऐवजी ते भंगारात काढलेलं थिओडोलाइट द्याल का. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. मग बाई लिलावाला गेल्या. ‘‘माझ्यासमोर बोली लावायला एकच माणूस होता,’’ त्या सांगायच्या, ‘‘एक भंगारवाला. त्याला पितळ हवं होतं. मी त्याला सांगितलं, अहो, यात पितळ कमी आणि माझी चौतीस वर्षं जास्त आहेत. तो बिचारा बाजूला झाला.’’

दुर्बीण घरी आली, पण फुगे येईनात. मग त्यांनी विमानं मोजायला घेतली. विमानाची लांबी माहीत असली आणि डोळ्याला ती केवढी दिसते हे मोजलं, की ते किती दूर आहे ते काढता येतं. कोणत्या जातीच्या विमानाची लांबी किती, हे बाईंनी एका जुन्या पुस्तकातून उतरवून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. त्याच दाराच्या आतल्या बाजूला डाळींच्या डब्यांची यादी होती.

मोजण्याची सवय त्यांच्या सगळ्या बोलण्यात उतरली होती. ‘खूप ऊन आहे’ असं कोणी म्हटलं तर त्या विचारायच्या, ‘‘किती?’’ शेजारच्या वहिनी ‘पाच मिनिटं बसते हं’ म्हणून यायच्या. पाच मिनिटं झाली की बाई शांतपणे म्हणायच्या, ‘‘झाली पाच.’’ वहिनी पहिल्यांदा रागावल्या. नंतर त्या ‘तासभर बसते’ असं म्हणून येऊ लागल्या, आणि मग बाई तासभर बसू द्यायच्या, अगदी मनापासून.

एकदा कोणीतरी तक्रार केली की विमानतळाजवळ एक म्हातारी दुर्बीण लावून बसते. एक हवालदार आले. वयानं बाईंपेक्षा बरेच लहान, घाम पुसत गच्चीवर चढले.

‘‘आज्जी, हे काय चालू हाय?’’

‘‘विमानांचे कोन घेते.’’

‘‘कशाला?’’

‘‘तुम्ही आलात ते चांगलं झालं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बसा. या पानावर बघा. सहा महिन्यांपूर्वी मोठी विमानं नदीच्या या बाजूनं, लांबून सरळ रेषेत यायची. आता संध्याकाळची तीन विमानं नदीपलीकडून वळण तोडून येतात. नदीपलीकडे शिकाऊ मुलांची छोटी विमानं असतात. दोघांतलं अंतर कमी होत चाललंय. हे तुम्ही कोणाला सांगू शकता?’’

हवालदारांनी वही पाहिली, दुर्बिणीतून एक घार पाहिली, चहा घेतला. जाताना म्हणाले, ‘‘आज्जी, आपण येड्या नाय, एवढं मी वर कळवतो.’’

‘‘तेवढं कळवलंत तरी पुष्कळ,’’ बाई म्हणाल्या.

हवालदारांना सांगितलं ते बाई दीड वर्ष प्रत्येकाला सांगत होत्या. नदीच्या दक्षिणेला एका माळावर छोट्या विमानांचं मैदान होतं. शिकाऊ मुलांनी नदी ओलांडून उत्तरेला यायचं नाही, असा नियम होता. मोठ्या विमानांनी नदीच्या उत्तरेनंच, दूरवरून सरळ यायचं. नदी ही दोघांमधली कुंपणाची रेषा. पण संध्याकाळी गर्दी वाढली तशी काही मोठी विमानं लवकर वळायला लागली, आणि वळताना त्यांचा एक कोपरा नदीपलीकडे जाऊ लागला. बाईंनी विमानतळाच्या कचेरीला अकरा पत्रं पाठवली. प्रत्येक पत्राला आकड्यांचा तक्ता जोडलेला. उत्तर एकदाच आलं: ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ बाईंनी ते पत्र मला दाखवलं. ‘‘नोंद घेतली म्हणतात. नोंद मी घेतली. त्यांनी फक्त पाकीट घेतलं.’’ आणि त्या बारावं पत्र लिहायला बसल्या.

ते घडलं तो डिसेंबरातला गुरुवार होता. वारा अजिबात नव्हता. नदीपलीकडच्या वीटभट्टीचा धूर दोरी टांगल्यासारखा सरळ वर गेला होता. मी गच्चीच्या कठड्याला पाठ टेकून बसले होते, मांडीवर वही, डाव्या हातात घड्याळ. बाई दुर्बिणीपाशी. त्या एका मोठ्या विमानाचे आकडे सांगत होत्या. सातवा आकडा झाला, आठवा झाला. नेहमीपेक्षा दक्षिणेचे आकडे होते, हे मला लिहितानाच कळत होतं. मग मला आणखी एक आवाज ऐकू आला. बारीक, टरटर करणारा. मोठ्या विमानाच्या आवाजाच्या आतून तो येत होता.

मी वर पाहिलं.

किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. खाली पाहिलं तेव्हा घड्याळाचा काटा पंधरा ओलांडून तिसाला टेकला होता. नववी वेळ मी दिलीच नव्हती. मी घाईनं दहाव्याला ‘‘वेळ’’ म्हटलं. बाईंनी आकडे सांगितले. आवाज अगदी नेहमीचा. पुढचे पाच आकडेही त्यांनी तसेच सांगितले. विमान उतरलं. बाईंनी चष्मा लावला आणि वही हातात घेतली.

‘‘नववा नाही.’’

‘‘मी वर पाहिलं,’’ मी म्हटलं. ‘‘बाई, ते छोटं विमान…’’

त्यांनी हात वर केला. ‘‘काय पाहिलंत ते मला सांगू नका. मला नाही, कोणालाच नाही. विचारायला योग्य माणूस येईल तेव्हा त्याला सांगा.’’

‘‘पण तुम्हीही पाहिलंच असेल ना.’’

‘‘तेही तुम्ही मला विचारायचं नाही.’’ त्यांनी नवव्या ओळीवर बोट ठेवलं. ‘‘इथे रेघ मारा. समोर कारण लिहा. तुमच्या अक्षरात.’’

मी लिहिलं: ‘लेखनिकाने वर पाहिल्यामुळे वेळ दिली गेली नाही.’ खाली सही केली. बाई वही घेऊन खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती जाड पाकिटात घालून लाखेनं बंद केली आणि विमानतळाच्या कचेरीला तेरावं पत्र टाकलं. संध्याकाळी नवी वही आली. आम्ही पुन्हा पाच वाजता गच्चीवर.

नऊ-दहा दिवसांनी चाचा आले. चाचा म्हणजे कॅम्पातले चष्मेवाले. त्यांच्या आजोबांपासून ते दुकान तिथे आहे. बाईंच्या दुर्बिणीची भिंगं तेच साफ करून द्यायचे, आणि त्या कामाला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांची मुलगी नसीम त्या माळावर विमान चालवायला शिकत होती. हे आम्हाला माहीत होतं, कारण चाचा दर वेळी भिंग पुसताना ते सांगायचे, आणि सांगताना भिंग जास्त वेळ पुसायचे.

त्या दिवशी ते भिंग न मागता नुसतेच बसले. बाईंनी पाणी दिलं.

‘‘बाई, त्या गुरुवारी छोट्या विमानात माझी नसीम होती,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘एकटीच. विमानतळवाले म्हणतात, तिनं नदी ओलांडली. तिचं शिकणं थांबवलंय. चौकशीत तसंच ठरलं तर पुन्हा कधीच उडता येणार नाही. ती म्हणते, अब्बा, मी नदीच्या दक्षिणेलाच होते, मोठं विमान माझ्या डोक्यावर आलं म्हणून मी खाली घेतलं. मोठ्या विमानात शंभर माणसं, दोन मोठे पायलट. तिचं कोण ऐकणार? मग मला आठवलं, तुम्ही पाच वाजता गच्चीवर असता.’’

‘‘असतो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी पत्र टाकलंय.’’

‘‘तुमच्या वहीत आहे सगळं?’’

‘‘मोठ्या विमानाचं आहे. ते कुठून आलं, कुठे वळलं. नेमक्या त्या वेळेचा आकडा नाही. तिथे रेघ आहे.’’

चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. मग ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘आधीचे-नंतरचे आकडे आहेत म्हणता. मग मधला काढता नाही येणार?’’

‘‘येईल. पण तो काढलेला असेल. पाहिलेला नसेल.’’

‘‘बाई, पोरीच्या आयुष्याचा सवाल आहे.’’

बाई त्यांच्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘चाचा, तुम्ही डोळे तपासता. गिऱ्हाइकाला शेवटची ओळ दिसली नाही, तर त्याच्या वतीनं तुम्ही ती वाचता का?’’

चाचा म्हणाले, ‘‘नाही.’’

‘‘एक आकडा आपण भरला की बाकीचे चौदा खोटे झाले. मग तुमच्या मुलीला काहीच उरणार नाही. वही आहे तशी जाईल. आणि ती त्यांना उघडायला लावणं हे माझं काम.’’

हे काम त्यांनी कसं केलं ते मी पाहिलं आहे. तेराव्या पत्राला उत्तर आलं नाही, तेव्हा बाई स्वतः गेल्या. येरवड्याच्या पुढे विमानतळाच्या रस्त्यावर ज्या कचेरीत चौकशी चालणार होती, तिथल्या दारावरच्या माणसानं त्यांना अडवलं.

‘‘पास आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग आत जाता येणार नाही.’’

‘‘बाहेर बसायला पास लागतो का?’’

तो म्हणाला, ‘‘नाही.’’ बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. दहा ते पाच. डबा बरोबर, पाण्याची बाटली बरोबर, मांडीवर लाखेचं पाकीट. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांच्या वयाला सत्तरी जवळ आली होती आणि गुडघे दुखायचे. मी म्हटलं, मी रजा घेते, मी बसते. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही बसलात तर त्यांना वाटेल नोकरी मागायला आलीय.’’ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक साहेबाला त्या एकच वाक्य सांगायच्या: ‘‘त्या गुरुवारच्या पंधरा वेळांची नोंद माझ्याकडे आहे, त्यातली एक रिकामी आहे.’’ मी विचारलं, रिकामीचं आधीच कशाला सांगता? ‘‘नंतर त्यांना सापडली तर ती चोरी दिसेल. मी सांगितली तर ती नोंद आहे.’’ चौथ्या दिवशी एका अधिकाऱ्यांनी त्यांना आत बोलावलं. बाईंनी सगळ्यात आधी त्यांना सांगितलं, की मी या मुलीच्या वडिलांना बावीस वर्षं ओळखते, हे लिहून घ्या. मग पाकीट दिलं.

आम्हा दोघींना बोलावणं आलं ते फेब्रुवारीत. म्हणजे सात-आठ आठवडे आम्ही एका घरात राहिलो, एका टेबलावर जेवलो, रोज पाच वाजता गच्चीवर बसलो, आणि त्या क्षणाबद्दल एकदाही बोललो नाही. मी दोन-तीनदा सुरुवात केली. बाई उठून नळ बघायला जायच्या. माझा तेव्हा असा समज होता की त्या माझ्यावर रागावल्या आहेत. चौतीस वर्षांत कोणत्याच लेखनिकानं त्यांचा नियम मोडला नसेल आणि मी तो नको तेव्हा मोडला. रात्री मला ती नववी रेघ दिसायची. मनातल्या मनात मी म्हणायचे, बाईंनी दुर्बिणीतून सगळं पाहिलंय, त्या सांगतील, नसीम सुटेल. माझ्या सांगण्याची कोणाला गरजच पडणार नाही.

चौकशीच्या दिवशी बाईंना आधी आत घेतलं. वीस मिनिटांनी त्या दुसऱ्या दारानं बाहेर गेल्या असाव्यात, कारण मला त्या दिसल्या नाहीत. मग मला बोलावलं. मोठं टेबल, तीन माणसं. मधले अधिकारी बोलत होते. बोलणं सभ्य होतं पण आवाजात दमल्याचं कळत होतं. माझा आवाज मुळातच लहान, आणि ग्रंथालयात वीस वर्षं काढल्यावर तो आणखी लहान झाला होता. त्यांनी मला दोनदा मोठ्यानं बोलायला सांगितलं.

‘‘ही ओळ तुमच्या अक्षरातली?’’

‘‘हो.’’

‘‘पंधरांपैकी नेमकी हीच रिकामी. विचित्र नाही वाटत?’’

‘‘मी वर पाहिलं. आमच्यात लेखनिकानं वर बघायचं नसतं. मी नियम मोडला.’’

त्यांनी वही माझ्याकडे वळवली. ‘‘आणि त्याच्या खालचं वाचलंयत?’’

माझ्या सहीच्या खाली बाईंच्या बारीक, उभट अक्षरात तीन ओळी होत्या. तारीख त्याच गुरुवारची. वही पाकिटात बंद होण्याआधी त्यांनी त्या रात्री लिहिल्या असणार. ‘निरीक्षकाने याच वेळी डोळा मिटला होता. अंदाजे चार सेकंद. त्यामुळे वेळ दिली गेली असती तरी आकडा मिळाला नसता.’ खाली त्यांची सही.

बाईंच्या एक्केचाळीस वह्यांमध्ये ‘अंदाजे’ हा शब्द त्या एकाच जागी आहे. हे मी आता, सगळ्या वह्या वाचून झाल्यावर, खात्रीनं सांगू शकते. त्या वेळी मला फक्त अक्षरं हलताना दिसली.

‘‘मोठं विमान वळण तोडून आलं होतं, हे बाकीच्या आकड्यांवरून आम्हाला दिसतंय,’’ अधिकारी म्हणाले. ‘‘प्रश्न छोट्याचा आहे. ते नदीच्या कुठल्या बाजूला होतं? तुमच्या बाई म्हणतात, त्यांनी पाहिलं नाही. मग राहिलात तुम्ही. काय पाहिलंत?’’

मी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग सांगायला लागले.

‘‘छोटं विमान एकदम खाली आलं आणि धुरामागे गेलं.’’

‘‘कसला धूर?’’

‘‘वीटभट्टीचा. त्या दिवशी वारा नव्हता. धूर सरळ वर गेला होता.’’

‘‘भट्टी कुठे आहे?’’

‘‘नदीपलीकडे. आमच्या गच्चीवरून आधी नदी, मग भट्टी.’’

डावीकडच्या माणसानं एक नकाशा उलगडला. अधिकारी पुढे झुकले. ‘‘धुरामागे की धुरातून? आठवून सांगा.’’

‘‘मागे. आधी पुढचं टोक दिसेनासं झालं, मग पंख, मग शेपूट. दुसऱ्या बाजूनं ते बाहेर आलं तेव्हा धूर होता तसाच होता. जराही हलला नव्हता. त्यातून गेलं असतं तर हलला असता.’’

‘‘आणि मोठं?’’

‘‘ते त्याच्या वर होतं. त्याचं पोट दिसत होतं. दोन्ही एकदम दिसत होती, मान न हलवता.’’

‘‘हे बाईंनी तुम्हाला सांगायला सांगितलं?’’

‘‘बाईंना हे माहीत नाही. त्यांनी मला सांगू दिलं नाही.’’

‘‘एका घरात राहता आणि दोन महिने यावर बोलला नाहीत?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बोलता कशावर?’’

मी खरंच विचार केला. ‘‘पाणी किती वाजता येतं, त्यावर,’’ मी म्हटलं. उजवीकडचा माणूस हसला, आणि लगेच गंभीर झाला. नकाशावाल्यानं भट्टीच्या जागेवर पेन्सिलीनं खूण केली. तेवढ्यावरून मला कळलं की माझं ऐकलं गेलं आहे.

निकाल पुढच्या महिन्यात आला. चाचा तो कागद घेऊन आले तेव्हा त्यांच्या हातात नेहमीचं पुसायचं फडकं तसंच होतं. दुकानातून उठून थेट आले होते. नसीमकडे दोष नाही, तिचं प्रशिक्षण सुरू करावं, असं त्यात होतं. मोठ्या विमानाचं चुकलं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. फक्त शेवटी एक ओळ होती, की वळण कुठे घ्यावं याबाबत संबंधितांना पुन्हा सूचना देण्यात आल्या आहेत. मी ती ओळ वाचून नाराज झाले. बाई म्हणाल्या, ‘‘शब्द काय ते त्यांचं त्यांना. आपण कोन बघू.’’ त्यानंतर चार महिने आम्ही संध्याकाळचं एकही विमान सोडलं नाही. सगळी लांबून, सरळ, नदीच्या या बाजूनं येत होती. मग बाईंनी चौदावं पत्र लिहिलं, तक्त्यासह. त्यात एवढंच होतं: ‘आता बरोबर येत आहेत. आभार.’

नसीम पुढे वैमानिक झाली. बाईंच्या दहाव्याला ती आली होती. बोलली फार नाही, पण स्वयंपाकघरात जाऊन कपाटाच्या दारावरची ती विमानांच्या लांबीची यादी तिनं उभ्यानं सगळी वाचली.

पण मला सारखा आठवतो तो चौकशीच्या दिवशीचा परतीचा प्रवास. मी बाहेर आले तेव्हा बाई फाटकापाशी रिक्षा थांबवून उभ्या होत्या. आम्ही बसलो. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. मीच म्हटलं, ‘‘खालच्या तीन ओळी मी आज पहिल्यांदा वाचल्या.’’

‘‘हं.’’

‘‘दोन महिने मला वाटत होतं, सगळं माझ्यामुळे गेलं. तुम्ही मला सांगायला हवं होतंत.’’

‘‘सांगितलं असतं तर तुम्ही माझी चूक झाकायला आणखी काहीतरी पाहिलं असतंत,’’ बाई म्हणाल्या. ‘‘चांगली माणसं तेच करतात. मला तुम्ही जेवढं पाहिलं तेवढंच हवं होतं. तुम्हाला त्रास झाला. तो मला दिसत होता. माफ करा.’’

हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकला नव्हता. येरवड्याच्या तुरुंगाची भिंत सरली. मग मी विचारलं, ‘‘पण बाई, तुम्ही डोळा मिटलात कसा?’’

त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. उत्तर द्यायचं नसेल तर त्या तसं स्पष्ट सांगत, म्हणून मी थांबले.

‘‘दुर्बिणीत एकदम दुसरं विमान आलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इतकं जवळ की आतलं डोकं दिसलं. चौतीस वर्षं मी फुगे बघितले. फुटले, हरवले, ढगात गेले. डोळा कधी मिटला नाही. फुग्यात कोणी बसलेलं नसतं हो.’’